सोबत आलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मी बाबांना बऱ्याचदा समजावून सांगितलं. दर वेळी ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "म्हंजे आता काम्प्युटरवर चित्र दिसत नाही का तुले?" दिसतं, बाबा, पण अडकत अडकत दिसतं. बाबा दारव्हा ते यवतमाळ काळी-पिवळी जीप चालवतात. शेवटी मी म्हटलं, भरलेली गाडी चढावर दम टाकते ना, तसं होतं. चढ म्हटल्यावर त्यांना सगळं समजलं. "मंग घेऊन टाक," ते म्हणाले, "पण पारखून घे. मशीनचं काम हाय."

पारखायला माझ्याजवळ माणूस होतं. ते माणूस म्हणजे माझी मैत्रीण. यवतमाळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि कॉलेज सुटलं की एका गेमिंग कॅफेत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. तिथं आम्ही दोघीच मुली. पोरं आधी आम्हाला हसली, मग आमच्याकडून हरली, आणि मग "ताई, आमच्याकडून खेळा ना" म्हणत मागं लागली. आम्ही कुणाकडूनच खेळलो नाही. आमची जोडी ठरलेली होती. गेममध्ये मी पुढं घुसायची आणि ती माझ्या मागची बाजू राखायची. पुढं घुसणारीचे हात चपळ लागतात, आणि माझे होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. शिवणाऱ्या बाईला जसं माहीत असतं की आपली टीप सरळ येते, तसं मला ते माहीत होतं.

कॉलेज संपल्यावर ती यवतमाळलाच एका मोबाइलच्या दुकानात लागली. मी दारव्ह्याला परत आले आणि बाजार समितीजवळच्या एका कृषी केंद्रात बिलं करायला बसले. गेम काही सुटला नाही. दोघींनी ऑफिसांमधून निघालेले जुने कॉम्प्युटर नागपूरहून आणवले होते, माझा तिच्यापेक्षा जरा जास्तच म्हातारा. संध्याकाळी भाकरी-भाजी झाली की कानाला हेडफोन लावून आम्ही बसायचो. आई म्हणायची, "हिचं लगीन त्या पोरीसंगच लावून देलं असतं तं बरं झालं असतं, सासरी तरी नांदली असती."

त्या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली की नागपूरचा एक गेमिंग कॅफेवाला मुलींची टीम काढतोय. त्याला एक जोडी पाहिजे होती. पावसाळ्यात घरबसल्या ऑनलाइन चाचणी द्यायची आणि निवड झाली की नागपूर, महिन्याचा पगार, राहायची सोय, स्पर्धांना जाणं. मला ते इतकं हवं झालं की मी देवाला नवस बोलले, आणि मी नवस बोलणारी बाई नाही. दिवसभर "काका, आधार नंबर सांगा" म्हणत खताच्या मशीनवर अंगठे घेणाऱ्या माणसाला आपल्या अंगात दुसरं काही तरी आहे हे कुणाला तरी दाखवायचं असतं. मला फक्त तेवढी एक संधी पाहिजे होती.

अडचण अशी की चाचणी गेमच्या नव्या आवृत्तीवर होती आणि आमचे जुने डबे ती ओढत नव्हते. कार्ड घेणं भाग होतं. बजेट दोघींचंही बेताचंच. त्यात बाजारात कार्डांची टंचाई. महागड्यांकडं आम्ही पाहिलंसुद्धा नाही. खालच्या रांगेतली दोन उरली. एक जरा मागच्या पिढीचं, अंगानं दांडगं, दोन पंख्यांचं. दुसरं अगदी नवं, आटोपशीर, एका पंख्याचं. किमतीत म्हणावा असा फरक नाही. महिनाभर आम्ही त्याच्यावर इतका काथ्याकूट केला की तेवढ्यात एखादं लग्न जमलं असतं. मी दांडग्याच्या बाजूची होते. तीही होती.

मग एके दिवशी तिनं सूर बदलला.

"अवं, त्या मोठ्याले वेगळी पिन लागते," ती फोनवर म्हणाली. "तुया डब्यात थे पिनच नाही. मंग पावर सप्लाय बदल, मंग आनखी काही बदल. कायले पाह्यजे थो कुटाना? छोटं घे. नवं हाय, करंट कमी खाते, लाइन गेली तं इन्वर्टरवर बी चालन."

"अन् तू?"

"माया मावसभाऊ येऊन राह्यला हैदराबादहून. त्याच्याजवळ मोठंवालं हाय एक. मायाकडं पिन हाय ना, मले जमून जाईन."

पिनेचं खरं होतं. करंटचंही खरं होतं. लाइन जाण्याचं तर कुणी दारव्ह्यात राहणाऱ्याला सांगायलाच नको. तिनं सांगितलेल्या एकाही गोष्टीत खोट नव्हती, म्हणून तर मी फसले. मी छोट्या कार्डाचे व्हिडिओही पाहिले. त्यात ते झकास चालत होतं. व्हिडिओ करणाऱ्यांचे बाकीचे पार्ट नवेकोरे असतात आणि माझ्या डब्याचं बारसं मी कॉलेजात जायच्या आधीच झालं होतं, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. शिवाय तिनं पाहिलं म्हणजे मीच पाहिलं, असा आमचा हिशेब होता.

आणखी बारकाईनं बघायला मला सवडही नव्हती. पेरण्या लागल्या की कृषी केंद्रात श्वास घ्यायला जागा राहत नाही. युरियाची गाडी येते आणि माणसं उन्हात रांग लावतात. त्यातच ते लिंकिंग. आमच्याकडं लहान पोरालाही हा शब्द माहीत आहे. युरियाचं पोतं पाहिजे, तर त्याच्यासोबत एक बाटली घ्यावीच लागते. झाडाचं टॉनिक म्हणतात तिला. ती कुणाला नको असते. पण नुसता युरिया मिळत नाही. "हे कायले वं बाई?" असं मला रोज कुणी ना कुणी विचारायचं आणि मालक मागून सांगायचे, "वरूनच तसं येते, काका. आमाले बी घ्याच लागते." एका म्हाताऱ्यानं बाटलीचे पैसे दिले, बाटली काउंटरवरच ठेवली आणि म्हणाला, "तुमच्याच झाडाले पाजा, माया कपाशीले सर्दी होईन." मालकांच्या टेबलावर एक वाळकं मनीप्लांट होतं. त्या दिवशी सगळे हसले.

कार्ड तिनंच यवतमाळच्या दुकानातून घेतलं आणि जीप स्टँडवर येऊन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते पुढच्या सीटवर ठेवलं आणि दारव्ह्यापर्यंत त्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "सीट भरली हाय." काळी-पिवळीत जिथं तीन माणसं बसतात तिथं बाबांनी एक खोकं बसवून आणलं. आईनं खोक्याला हळदकुंकू लावलं. मी ते डब्यात बसवलं, गेम सुरू केला आणि मोकळ्या मैदानातून पळत सुटले. गवताचं पातं न् पातं दिसत होतं. मी तिला फोनवर म्हटलं, "तू नसतीस तं मी काय केलं असतं वं?" ती म्हणाली, "काही नाही होत."

चाचणीच्या दिवशी घोटाळा झाला. मोकळ्या मैदानात सुरळीत चालणारं ते यंत्र गर्दी झाली, धूर झाला, चारी बाजूंनी माणसं धावून आली की अडखळायचं. क्षणभर चित्र थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा मी मेलेली असायची. नेमकं जिथं चपळाई दाखवायची तिथंच. पहिल्या डावात झालं, दुसऱ्यात झालं, तिसऱ्यात तर मी दारातून आत पाऊल टाकताच संपले. कानात तिचा आवाज येत होता, "मार ना! काय पाहून राह्यली?" मी मारत होते. माझं बोट बटणावर होतं.

निकाल आला तेव्हा कॅफेवाल्यानं तिला घेतलं. जोडीला नागपूरचीच एक मुलगी दिली. माझ्याबद्दल लिहिलं होतं की पुढची खेळाडू प्रतिसादाला मंद आहे.

मी तिला विचारलं होतं. हे मला नीट आठवतं, कारण नंतर ते मी पुष्कळदा आठवलं आहे. मी विचारलं, "कार्डात तं काही गडबड नसन ना?" ती म्हणाली, "कार्ड चांगलं हाय वं. तुये हात जड झाले. दिवसभर बिलं करतं ना तू, त्यानं होते तसं."

मी ते मुकाट्यानं मान्य केलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोकांनी म्हणू नये म्हणून मीच ते स्वतःला आधी म्हणून घेतलं. मग एकदा जेवताना बाबा म्हणाले, "थे पार्ट तं खराब नाही ना लागला? आनतानी मी लय सांभाळून आनला होता." मी खेकसले, "पार्टाले काय धाड भरली? मलेच जमत नाही." मी हेडफोन गुंडाळून कपाटावर टाकून दिला. बिलं करताना मधूनच मला माझी बोटं दिसायची आणि ती मला परकी वाटायची. कुणी अंगठा लावायला चुकलं की मी वसकन ओरडायची. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीचा मला भरवसा होता ती माझ्यात नव्हतीच, असं समजून मी वावरत होते. हसू नका, पण मी स्वयंपाकघरात कांदा चिरतानासुद्धा बघायची की हात किती चालतात.

आणि तिच्यावर मात्र माझा राग नव्हता. ती नागपूरला गेली, तिचे सामने मी मोबाइलवर पाहिले, आणि तिच्या टीमनं पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा मी कृषी केंद्रात पेढे वाटले. मालक म्हणाले, "कायचे पेढे?" मी म्हटलं, माझी मैत्रीण जिंकली. ते पेढे आठवले की आजही माझा तोल जातो.

सोयाबीन निघालं, गर्दी ओसरली, तेव्हा मी ठरवलं की कार्ड विकून टाकू. पडून ठेवायचं कशाला? एका रविवारी बाबांच्याच जीपमधून यवतमाळला गेले. दुकानदार बोलघेवडा होता. खोकं उघडायच्या आधीच त्यानं ओळखलं.

"हे तं आपल्याच दुकानातलं! काय झालं ताई, चाललं नाही का?"

"चालते. गर्दीत अडकते."

"कोन्त्या मदरबोर्डावर लावलं?"

मी सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "अवो ताई, जुन्या बोर्डावर हे अडकनच. मोठ्या कार्डाले सामान ने-आण कराले रुंद रस्ता असते, पांढरकवड्याच्या हायवेसारका. ह्याले कंपनीनं शेतातली पांदन देली हाय, पांदन. नवीन बोर्डावर थे पांदन बी पक्की असते, भागून जाते. जुन्यावर गर्दी झाली का गाडी फसली. म्या त्या ताईले साफ सांगतलं होतं, जुन्या बोर्डावर लावू नका म्हणून."

"कोन्त्या ताईले?"

"ज्यांनी नेलं त्यायले. चष्मेवाल्या."

माझ्या मैत्रिणीला चष्मा आहे. तरी मी दुकानदाराला म्हटलं, "मंग त्यायनं घेतलं काहून?"

तो हसला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, तो धंद्याची गोष्ट सांगत होता. "घेतलं म्हंजे सोबत घ्यावं लागलं ना. तवा मोठं कार्ड आलं होतं एकच, अन् मांगनारे मायंदाळ. आमाले वरून मालच असा येते. चांगलं पाह्यजे तं हे बी उचला. मंग मी बी तसंच देतो. त्या ताई म्हनल्या, चालते, द्या दोन्ही. मायाजवळ हाय एक जन लावनारं."

ज्या बाईनं पूर्ण हंगामभर युरियासोबत बाटल्यांची बिलं केली, तिला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. हैदराबादहून कुणी आलंच नव्हतं. मोठं कार्ड तिनं ह्याच काउंटरवरून घेतलं होतं आणि त्याच्यासोबत गळ्यात पडलेलं माझ्या गळ्यात घातलं होतं. तेही पुरे पैसे घेऊन, माझ्याच बापाच्या हातानं पाठवून. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला तिथं उभं राहवेना. कार्ड न विकताच मी बाहेर पडले.

पाय आपोआप आमच्या जुन्या कॅफेकडं वळले. मालक तोच होता, खुर्च्या नव्या होत्या. मी एका मशीनवर बसले आणि तोच गेम लावला. पहिला डाव मी नुसता हात बसवण्यात घालवला. दुसऱ्या डावात धूर झाला, गर्दी झाली, आणि चित्र थांबलं नाही. मी दारातून आत घुसले आणि समोरचे सगळे संपले तरी मी उभीच होते. मागं बसलेला एक पोरगा "अरे बापरे" म्हणाला. मला रडू आलं. माझ्या हातांना काही झालं नव्हतं. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. कार्डाचं एक वेळ मी समजू शकत होते. टंचाई होती, तिला हाव सुटली, माणसाला सुटते. पण मी विचारलं तेव्हा तिनं खरं सांगायचं सोडून माझ्या हातांवर बोट ठेवलं, आणि मी फोनवर स्वतःला दोष देत राहिले ते ती नागपुरात बसून ऐकत राहिली. परतीच्या जीपमध्ये बाबांनी विचारलं, "इकलं का?" मी म्हटलं, गिऱ्हाईक नाही मिळालं. दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी त्या भरलेल्या सीटचं दुःख केलं असतं.

फोनवर मी काहीच बोलले नाही. मला तिचा चेहरा बघायचा होता.

दिवाळीत ती आली. नेहमीसारखी चपला काढून थेट स्वयंपाकघरात, आईच्या पाया पडून, ओट्याशी टेकून उभी. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काही तरी काढून तिनं माझ्यापुढं ठेवलं. तेच मोठं कार्ड. "तिकडं आता टीमचीच मशीन भेटली मले. हे पडून हाय. पावर सप्लाय बदलून तू लावून घे," ती म्हणाली. "पैसे नको देऊ."

आई चिवड्याचा डबा काढायला आतल्या खोलीत गेली.

मी विचारलं, "हैदराबादवाल्या मावसभावाचं का हे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. "दुकानात गेलती का तू?"

"गेलती."

ती टॉवेलाची घडी घालायला लागली. घातली, मोडली, परत घातली. "थे एकच होतं वं. दोन्ही घेतल्याबिगर देत नव्हता थो. अन् मले मोठंच पाह्यजे होतं."

"अन् माये हात जड झाले, थे?"

"मंग काय सांगू मी तवा? तू सिधी कार्डाचंच विचारलं."

तिच्या आवाजात मला चिडच जास्त ऐकू आली, जसं काही मी नको तो प्रश्न विचारून तिला कोंडीत पकडलं होतं. मी म्हटलं, "एक गोष्ट सांग. घेतानीच मले का नाही सांगतलं? का एक चांगलं हाय, एक भंगार हाय, कोन्तं कोनी घ्यावं?"

ती अगदी खरं बोलली. मला वाटतं त्या पूर्ण प्रकरणात तेवढं एकच तिनं मन उघडून सांगितलं.

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, मोठं तूच घे. तुया सोभाव मले माहीत नाही का? मंग मले घ्याले लाज वाटली असती."

ते खरं होतं. मी तसंच म्हटलं असतं. तू मागून राखतेस, तुला सगळं मैदान दिसायला पाहिजे, तूच घे मोठं, असं काही तरी कारणही मीच काढून दिलं असतं. आणि मग आपल्या यंत्राची मर्यादा मला माहीत असती, चाचणीत मी हरले असते तरी हात माझेच राहिले असते. जे मी हसत दिलं असतं ते तिनं माझ्याकडून लपवून घेतलं, ते फक्त एवढ्यासाठी की तिला माझे उपकार नको होते. तिला माझा स्वभाव पुरता माहीत होता, आणि तिनं त्याचा असा उपयोग केला.

आई चिवड्याची एकच मोठी प्लेट भरून घेऊन आली. आमचं कॉलेजपासून असंच, दोघींना एका प्लेटीत. "घ्या, खा," आई म्हणाली. "अन् आता खेळाले कवा बसता दोघी?"

मी ते कार्ड टॉवेलासकट तिच्या पिशवीत परत ठेवलं. तिनं प्लेटीकडं हात नेला. मी प्लेट माझ्याकडं ओढून घेतली आणि आईला म्हटलं, "तिले दुसऱ्या ताटलीत दे."